विल्हेवाट

एकतीस वर्षं मी बार्जवर टॅली क्लार्क होतो.
मांडवीतून खाली जाणारी लाल माती
टनाटनानं मोजली.
पावतीच्या तीन प्रती: एक जेटीला, एक कंपनीला,
एक माझ्या खिशात, घामानं पुसट.
कुठली माती कुठल्या जहाजात चढली,
ते जहाज कुठल्या बंदराला लागणार,
झोपेतून उठवून विचारलं असतं
तरी सांगितलं असतं.

आता दिवाडीत असतो.
दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतो,
बनियनच्या शेजारी.
बायको म्हणते, माझ्या साड्यांना नाही इतकं जपलंत कधी.
बुधवारी हणमंताचा टेम्पो येतो,
पोती घेतो, फेरीबोटीत चढतो.
मी धक्क्यावर.
"खंय वता रे हें?"
"पलतडी."
हनुवटीनं दाखवतो.

पलतड मोठी आहे, हणमंता.
तिथं जुनं गोवं आहे, हमरस्ता आहे,
घाट आहे,
आणि घाटामागे सगळा देश.

ग्रामसभेत विचारलं.
सचिव फिलोमेनबाईंनी चष्मा शोधला
(डोक्यावरच होता),
रजिस्टर वाचलं: जानेवारी, विल्हेवाट.
फेब्रुवारी, विल्हेवाट.
मार्च, वरीलप्रमाणे.

शब्दातच वाट आहे बघा, मी म्हटलं,
कुठली, तेवढं लिहायचं राहिलंय.
लोक हसले. कुणीतरी म्हणालं, वाट लागली.
आवेलिनाच्या मुलाला मॅच गाठायची होती.

तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेला हणमंता बोलला,
त्याच्या कानडी हेलात:
मी शेडपर्यंत नेतो.
पुठ्ठा, बाटल्या बेळगावचा माणूस वजन करून उचलतो.
चकाकणारी पाकिटं कुणी घेत नाही.
गेल्या चतुर्थीपासूनची तिथंच आहेत.
आणि काका, तुमच्या धुतलेल्या पिशव्यांवर
मांजर व्यालीय.

कुणी हसलं नाही.
मीसुद्धा.

आता धक्क्याजवळ, बोटीच्या वेळापत्रकाखाली
एक फळा आहे. अक्षर माझं, आकडे हणमंताचे.
पुठ्ठा एकशे बारा किलो, बेळगाव.
बाटल्या चौऱ्याऐंशी, बेळगाव. पुढचं विचारतोय.
पाकिटं एकसष्ट, शेडमध्येच.
इतर चाळीस, माहीत नाही.

"माहीत नाही" लिहिताना खडू अडला.
एकतीस वर्षांत कुठल्याच पावतीवर
हा रकाना नव्हता.
जहाज गेल्यावर त्या मातीचं काय झालं,
ते मी तरी कुठे विचारलं होतं?

फिलोमेनबाई म्हणाल्या, तेवढी ओळ पुसा,
पंचायतीला बरं दिसत नाही.
नाही पुसली.
संध्याकाळच्या बोटीची माणसं उतरतात,
स्कूटर चालू ठेवूनच वाचतात,
कुणी मान हलवतं, कुणी थुंकतं,
निघून जातं.

काल कुणीतरी सगळ्यात खाली
वाकड्या बाळबोध अक्षरात विचारलंय:
मांजराला पिल्लं किती?

आज पलतडी गेलो. शेड उघडायला लावली.
चार.
लिहून टाकलं.