कल्ला

तारामुंबरीची रसिका तारी, सव्विसावा आठवडा,
पोटात जुळी, वार एकच.
पहिल्या एस्टीने देवगडहून कणकवलीला आली.
पदराला कालच्या लिलावाचा वास,
त्याची माफी तिने दारातच मागून टाकली.

मी फॉर्म भरला. भिंतीवरची पाटी तिने वाचली,
मुलगा की मुलगी विचारू नये.
"ता नको," म्हणाली, "वजन सांगा."

वजन मी काढते मांडीच्या हाडावरून,
डोक्याच्या, पोटाच्या घेरावरून,
मग मशीन एक आकडा देतं.
डावीकडचं आठशे दहा ग्रॅम. उजवीकडचं सहाशे सत्तर.
काट्याशिवाय? ती हसली.
बंदरावर ती सुरमई नुसती उचलून सांगते,
व्यापारी हल्ली काट्यावर घालतही नाहीत.
"तुमचो अंदाज कितको चुकता?"
शंभरात दहा. कधी पंधरा.
"मगे माजो बरो."

पुस्तकातली रेषा वीस टक्क्यांवर. हा फरक सतरा.
पुढच्या महिन्यात या, असं म्हणता आलं असतं.
प्रोब उजवीकडे सरकवला.

करवंदाहून जरासं मोठं काळीज.
झडपा उघडतात, मिटतात. पडद्यावर लाल, निळं;
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं, निळं दूर जाणारं, एवढंच,
शुद्ध-अशुद्ध ते शाळेतलं.
आवळतं वेळेवर.
सैल व्हायला उशीर करतं.
मिलिसेकंदांचा उशीर. तीनदा मोजला.
चौथ्यांदा लाइट गेली, इन्व्हर्टर घरघरला,
पाचव्यांदाही तेवढाच.

सांगितलं तिला, वारेतला वाटा उजवीकडे कमी आलाय.
डावीकडच्याने ओढून घेतला, असं नाही.
तू काही खाल्लं, उचललं, म्हणूनही नाही.
वजनात फरक दिसायला वेळ लागेल,
काळीज मात्र आताच दमायला लागलंय.

ती पडद्याकडे बघत राहिली. जेल पोटावर सुकत आलं.
"म्हंजे वजन मागीर," म्हणाली,
"आदी कल्लो उघडून बगूचो."

सोळा वर्षं हे मी नवऱ्यांना समजावलंय, सासवांना,
एकदा परिषदेत, बावीस स्लाइड लावून.

"दोघांय जगतली मां?"
आज कळलं ते बरं झालं, एवढंच मी म्हटलं.
तिला ते उत्तर वाटलं नसावं.
कोल्हापूरची चिठ्ठी लिहिली, उद्याच जायचं.
नवरा ट्रॉलरवर, रेंजच्या बाहेर, परवाशिवाय येत नाही.
जाऊ सोबत येईल. फोंड्याच्या घाटात जावेला गाडी लागते.
हे सगळं तिनेच ठरवलं, टॉवेलने पोट पुसता पुसता.

दारातून परत वळली.
"उजवीकडचा बारीक मां?
मगे मी डाव्या कुशीर निजलंय
तर तेका जरा जागा गावात?"

जागेचं काही नसतं तसं.
हो, म्हटलं. डाव्या कुशीवरच नीज.