चादर धरणारी

वीब्के हार्म्सन पहाटे तीनला भट्टी पेटवते.
राईचे पाव, खसखशीचे पाव,
आणि कमरेचा पेजर किंचाळला
की पीठ परातीत तसंच टाकून पळते.
गावच्या अग्निशमन पथकात, बिनपगारी, एकोणीस वर्षं.
गुडघा गेल्यापासून शिडी नाही,
पत्रा कापायची ती अवजड कात्री नाही.
आता तिचं काम एकच:
ती चादर धरते.

हिरवी, जाड, डोक्यापेक्षा उंच.
महामार्गावर कुणी मोडून पडलेलं असतं,
त्याच्या आणि जगाच्या मध्ये.
अंतरपाट धरतात तशी, दोन टोकांना दोघं;
फक्त इथे अक्षता नसतात,
आणि चादर दूर होते तेव्हा
पलीकडे बहुधा कुणी नसतं.

त्या मंगळवारी उत्तर समुद्रावरून वारा सरळ आत शिरला होता.
गाड्या कडेला सरकलेल्या, नियमाप्रमाणे,
मधे भांग पाडावा तशी वाट.
भांगात एक पांढरी गाडी तिरकी,
दार उघडं,
आणि पुढे चालत येणारा तोर्बेन ल्युडके,
वय चोवीस, हातात फोन.
रुग्णवाहिका त्या दारापाशी
चाळीस सेकंद थांबली.

चाळीस सेकंद म्हणजे किती, ते भटारणीला विचारावं.
तेवढ्यात सोनेरी कवच काळवंडतं.
तेवढ्यात चादरीमागची बाई
एकच नाव दोनदा घेते,
आणि तिसऱ्यांदा अर्धं.

न्यायालयात डॉक्टर म्हणाली,
ती तशीही वाचली नसती.
बचावाचे वकील समाधानानं खाली बसले.
वीब्के त्या 'तशीही'कडे बघत राहिली.
तशीही जाणाऱ्या माणसाचे चाळीस सेकंद
कुणाच्या मालकीचे?
ते उचलून नेले तर चोरी की नाही?

तोर्बेन म्हणाला, वाटलं मदत लागेल.
फोन? फोन हातातच असतो माझ्या.
खोटं नसावं.
पुरतं खरंही नसावं.
मागच्या बाकावर त्याची आई
एकाच हातमोज्याची बोटं
उलटी करत होती, सुलटी करत होती.

दुकानात आठवडाभर हेच.
फोडून काढा एकेकाला, म्हणाला छपरं शाकारणारा ओके.
निवृत्त सुईण फ्राउ टीसेन म्हणाली,
उद्या मग गाडीतून कुणी उतरायचंच नाही,
ज्याला खरंच काही करता येतं तोसुद्धा काच वर करील.
कायदा तर एकाच कलमात दोन्ही सांगतो:
धावला नाहीस तरी गुन्हेगार,
आडवा आलास तरी गुन्हेगार.
मधली जागा किती रुंद, ते लिहिलेलं नाही.
वीब्के सुटे पैसे मोजून देते.
पुढचा.

माझ्या भाषेत अशा माणसाला बघ्या म्हणतात,
हसून म्हणतात,
त्याची गर्दी होते, त्याला नाव नसतं.
इथे त्याला नाव आहे, पत्ता आहे, आरोपपत्र आहे,
आणि साठ दिवसांच्या कमाईइतका दंड
बहुतेक होणार आहे.
व्हावा. मला वाटतं, व्हावा.
लिहिताना हात जरा थबकला, एवढंच.

शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं,
साक्षीदाराला आणखी काही?
वीब्के उठली. गुडघा कटकन वाजला.
म्हणाली, चादर धरणाऱ्यानं पाठ करून उभं राहायचं असतं.
तोंड रस्त्याकडे.
तिनं तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा मी वळले.
मी पाहिलं.
माझ्याकडे फोन नव्हता, पण
अजून दिसतंय, म्हणजे कुठेतरी साठवलेलंच आहे.

कारकुनाची बोटं थांबली.
हे प्रकरणाशी संबंधित नाही, न्यायाधीश म्हणाल्या,
कठोरपणे नव्हे.

नाही, वीब्के म्हणाली.
आणि वारा फार होता.
दुसरं टोक धरायला
माणूस कमी पडतं नेहमी.