बारावी गाडी

तालुका आधी नदीपलीकडे होता, जुन्या कासोळ्यात.
इकडे फक्त जिन, बाभळी,
आणि नुकताच टाकलेला आगगाडीचा रूळ.

साहेबानं म्हणे घोड्यावरून दोन्ही गावं पाहिली,
दोन्हीकडच्या विहिरींचं पाणी चाखलं,
इकडचं गोड निघालं.
पलीकडचे अजून सांगतात, गोडच लागणार,
जिनवाल्या शेठची थैली त्यात दोन रात्री भिजत होती.

दप्तर अंधारात हललं. बारा गाड्या.
लाल खारव्यात बांधलेले बस्ते, त्यावर बारदान, त्यावर शिपाई.
बाया चाकांपुढे बसल्या,
मामलेदार खाली उतरून एकेकीला मावशी, मावशी करत राहिला.
अकरा गाड्या इकडच्या काठाला चढल्या.
बारावी काळ्या दगडापाशी कलंडली.
सुपडू गाडीवानाचा पणतू आज कचेरीपुढे झेरॉक्स काढतो,
गिऱ्हाईक नसलं की सांगतो:
'बैल वाचनात भो, कागद वाही गयात.'

तीन गावं होती त्या गाडीत.

मी अनुकंपेवर लागले, यांच्याच खुर्चीवर,
एकतीस वर्षं रेकॉर्डात काढली.
नऊ नंबरच्या रॅकचा खालचा खण रिकामा,
तिथं माझा डबा असतो, कळण्याची भाकर, ठेचा.
जुन्या यादीत मात्र तिन्ही गावांची नावं आहेत,
शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी घोटून मोडी लिहिलीय.
ताराचंदनानांनी वाचून दाखवलं तेव्हा हसूच आलं:
'नदीत.'
ना तारीख, ना सही.

त्यातल्याच एका गावचा गुलाब तडवी दर मार्चला येतो,
पणजोबाच्या बांधाचा कागद मागतो.
नाही म्हटलं की विचारतो, बाई, नदी आटली का?
आटली, गुलाबभाऊ. आता तर वाळूही गेली.
मग तो फरशीवर आडवा होतो थोडा वेळ.
बाहेर शेहेचाळीस असलं की लोक कचेरीत कामाला कमी
आणि या शहाबादी फरशीला जास्त येतात.
कुणाला उठवत नाही आम्ही.
पालिकेचा भोंगा झाला की आपले आपण उठतात,
नववा दिवस, आज नळ येणार.

आणि सव्वीस जानेवारी. झेंडा वर गेला, जिलबी वाटली
की धुडकू मास्तर पूल ओलांडून निवेदन घेऊन हजर:
तालुका परत मिळावा.
मजकूर त्याच्या वडिलांच्या वेळचाच,
'मेहेरबान' जाऊन 'माननीय' आलं, एवढाच बदल.
मी आवकचा शिक्का मारते, पोच देते, चहा सांगते.
तो पोच घडी घालून टोपीत ठेवतो.
एकदा विचारलं, मास्तर, खरंच मिळाला तर?
तो बराच वेळ बशीकडे बघत राहिला.
म्हणाला, ठेवू कुठं? शाळेच्या दोन खोल्या गळतात.

यंदा कचेरी बायपासला चालली.
नवी इमारत, लिफ्ट आहे, वीज जोडली की चालेल.
दप्तर टेम्पोतून, दिवसाढवळ्या, यादीप्रमाणे.
इंजिनिअर पोरगा रॅकना नंबर चिकटवत होता.
म्हटलं, नऊचा खालचा खण मोकळा सोड.
कशासाठी, मॅडम?
तीन गावं यायची आहेत अजून.
त्यानं मान हलवली, पेन्सिलीनं लिहून घेतलं.

पुलाच्या तोंडाशी मास्तर उभा, सोबत चार म्हातारे.
वाटलं, आडवे बसणार.
ते टेम्पो मोजत होते.
मी शेवटच्यात, बस्त्यांना पाठ लावून.
मान बाहेर काढून ओरडले, मास्तर, किती झाले?
त्याला ऐकू आलं नसावं.
टोपी काढून तो आत काहीतरी शोधत होता.