हातचा

दर दुसऱ्या गुरुवारी वांगेलिया सीमा ओलांडून यायची,
स्वेती नाऊमच्या नाक्यावरून, पायी,
पिशवीत भाजक्या मिरच्यांची बरणी
आणि एक कोरी वही.

आम्हाला वाटलं, बाई बाहुल्या शिकवणार.
पलीकडे ओह्रिडला चाळीस वर्षं
तिनं म्हणे लाकडाला रडायला लावलं होतं.

पहिल्या दिवशी तिनं लांडग्याचा निखळलेला जबडा पाहिला,
पेट्राकचा अंगठा पाहिला, हातोडीनं काळानिळा झालेला,
आणि विचारलं,
"पावत्या कुठे ठेवता?"

पेट्राकनं कोटाचे सगळे खिसे उलटे केले.
एक सापडली.
ती मासळीची होती.

तिची अल्बेनियन बाजारापुरती,
माझी मॅसिडोनियन शिव्यांपुरती,
मधली खिंडारं आम्ही इटालियननं बुजवायचो,
लहानपणी टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातींतून उचललेल्या.
बेरीज मात्र ती स्वतःच्याच भाषेत पुटपुटायची
आणि हातचा एक मधल्या बोटावर धरून ठेवायची,
बोट किंचित वाकवून,
जणू त्यावर कुणीतरी बसलंय
आणि आता बोलणार आहे.

दोन हिवाळे असेच गेले.
भाडं, वीज, सरस, लिंडनचं लाकूड.
अनुदानाच्या अर्जातला 'उद्दिष्टे' नावाचा रकाना
मी सात वेळा भरला, तिनं सात वेळा खोडला.
"हे कुणीही लिहील. तुमच्या खुर्च्या किती? मोडक्या किती?"
सव्वीस. त्यातल्या नऊ.
"मग तेच लिही."

नोव्हेंबरात दोन्ही गावांचं मिळून एक नाटक ठरलं.
नाक्यावर आमची व्हॅन अडली.
अकरा नग, मूल्य किती? अधिकाऱ्यानं विचारलं.
"अमोल," पेट्राक म्हणाला, छातीवर हात ठेवून,
आणि अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

तीन तास.
वांगेलिया बाकावर संत्रं सोलत बसली.
मी तिच्याकडे पाहत होते, ती सालीकडे.
शेवटी बॉनेटवर कागद ठेवून मीच लिहिलं:
लांडगा, एक. वापरलेला. जबडा दुरुस्त.
बकरी, एक. शिंग एकच.
म्हातारा, एक. सोमवारी परत येणार.
असं अकरापर्यंत, बोटं गारठून गेलेली.
शिक्का पडला.

व्हॅनमध्ये बसल्यावर ती सहज म्हणाली,
"तो पोरगा ना? लहानपणी पहिल्या रांगेत बसायचा.
माझ्या लांडग्याला फार घाबरायचा."

ओह्रिड येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.
सगळं देणारी बाई.
तेवढं एकच तिनं हातचं राखलं होतं.

प्रयोगात लांडगा आमच्या भाषेत बोलला, बकरी त्यांच्या.
लोक भलत्याच जागी हसले.
पेट्राक पडद्यामागे घामाघूम,
आणि एक मूल ओरडलं, कुठल्या भाषेत ते कळलं नाही.

वसंतात तिच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं.
वही आमच्याकडेच राहिली,
शेवटच्या पानावर मिरचीच्या तेलाचा डाग,
त्याच्याखाली तिची बेरीज, अर्धवट.
ती मी पुरी केलेली नाही.

आता कास्टोरियाहून पत्र आलंय.
तिथं तीन पोरांनी
फरच्या बंद कारखान्यात छायाबाहुल्यांचं घर मांडलंय,
ती विचारतात, सावलीला श्वास कसा द्यायचा.
मला माहीत नाही. पेट्राकलाही नाही.
तरी मी बसमध्ये बसलेय,
पिशवीत मिरच्यांची बरणी, कोरी वही,
ग्रीकमधले आकडे वीसपर्यंत पाठ,
अकरा आणि बारा अजून चुकतात.

काप्श्तित्साच्या नाक्यावर काचेपलीकडून प्रश्न:
प्रवासाचा हेतू?
अर्जातलं लांबलचक वाक्य ओठांवर आलं होतं.
"बेरीज," मी म्हटलं.
त्यानं पासपोर्टवरून नजर उचलली,
माझ्या हाताकडे पाहिलं,
वाकलेल्या त्या मधल्या बोटाकडे,
आणि ते सरळ करायचं
माझ्या लक्षातच आलं नाही.