नाकाची साक्ष

सीबीएसवरून शेअर रिक्षा, गिरणाऱ्याची.
ड्रायव्हरला म्हटलं, द्राक्षांच्या कमानीपाशी सोड.
त्याने आरशातून पाहिलं:
साठीच्या दोन बायका, एकीच्या पिशवीत थालीपीठं.
काही विचारलं नाही. बरं केलं.

कल्पना शालनची, माझ्या नणंदेची.
"आपल्या गावची वाइन सगळं जग पितं,
आपणच तेवढ्या कोरड्या."
मी अठ्ठावीस वर्षं नोट प्रेसमध्ये.
कोटींनी रुपये हाताखालून गेले.
चैन केलीच नाही म्हटलं तर खोटं होईल,
पण अशी नव्हती केली.

व्हरांडा. समोर वेली,
तारांवर हात पसरून, कवायतीला उभ्या असाव्यात तशा.
त्यांच्यामागे गंगापूर धरणाचं पाणी,
फेब्रुवारीचं, जरासं मागे सरलेलं,
काठावर चिखलाची एक ओळ विसरून.
आणि त्याही मागे अंजनेरी,
उन्हात इतका फिकट की
कुणी खोडरबर फिरवून अर्धवट सोडलाय.

ओतणाऱ्या मुलाच्या छातीवर पाटी: रोशन भोये.
"आधी बघायचं, मग फिरवायचं, मग हुंगायचं.
प्यायचं सगळ्यात शेवटी."
शालन म्हणाली, "आमच्या वेळी मुली अशाच बघत."

पहिली शेनिन ब्लाँ.
शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं जोडपं म्हणालं, पॅशनफ्रूट.
शालन म्हणाली, कच्चा पेरू. मीठ न लावलेला.
दुसरी रोझे,
कुंकू धुतल्यावर बोटांवर उरतो तेवढाच रंग.
मध्ये एक स्टीलचं भांडं, थुंकायला.
पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं?
आम्ही ते हळूच पुणेकरांकडे सरकवलं.

मग शिराज.
पेल्यात नाक घातलं आणि तिथेच थांबले.

पहाटपाळी. ओल्या शाईचे कागद, थप्पीवर थप्पी,
मशीनचा तो जड, लोखंडी श्वास.
वास केसांत बसायचा, उशीत उतरायचा.
हे म्हणायचे, तुझ्या वेणीला पैशांचा वास येतो,
आणि हसायचे,
कारण महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर
घरात पैशाचा तेवढाच काय तो पुरावा.
हे जाऊन सहा वर्षं झाली.
उशीही बदलली.

"शाई," मी म्हटलं.
पुणेकर हसले. रोशन नाही हसला.
"आमच्या ट्रेनिंगच्या वहीत आहे हा शब्द," तो म्हणाला.
"चार वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडून आज ऐकला."

मग मॅनेजर आत गेल्यावर, बाटली पुसता पुसता:
तो हरसूलकडचा. त्याची आत्या चैत्रात मोहाची फुलं वेचते.
मडक्याचं झाकण काढायच्या आधीच सांगते,
ओढ्याकाठच्या झाडाची की माळावरची.
"तिला कधी कुणी विचारलं नाही, ताई, कसला वास येतो म्हणून.
पोलीस आले, मडकं फोडून गेले."
तो हे तक्रार म्हणून बोलला नाही.
पुसलेली बाटली त्याने पुन्हा पुसली.

पाण्यावर ऊन तिरपं झालं.
पोपटांचा एक थवा आरडाओरडा करत वेलींवर उतरला,
त्यांना कुणी आधी हुंगा म्हणत नव्हतं.
शालनने डबा उघडला.
रोशनने आतल्या दाराकडे पाठ करून एक तुकडा खाल्ला,
डोळे मिटले आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,
"ह्याच्याबरोबर शेनिन. शिराज नको."

एक बाटली घेतली, शिराजचीच,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
परतताना खड्डा आला की मी ती पोटाशी धरायचे.
कमान मागे पडली, मग धरण, मग कांद्याचे ट्रक.
आडगाव नाक्याची कुणीतरी बाई चढली,
तिने नाक उडवलं, आम्ही दोघी बाहेर बघू लागलो.

रात्री बाटली उघडली नाही.
उशाशी ठेवली, बूच माझ्याकडे करून.
पलीकडच्या पलंगावर शालन झोपेत म्हणाली,
"पेरूच तो."