सतरा

बेटावर उतरताना सतरा.
प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा बंद मी ओढून पाहिला, मुकाट्यानं,
जसे कागदगिरणीत पाहायचे
शिडी चढणाऱ्यांचे पट्टे.
एकतीस वर्षं तेच काम. फाटकाशी फळा होता:
‘अपघाताविना दिवस’.
सहाशे बारापर्यंत गेला होता आकडा एकदा.
त्यानंतरचं शून्यही मीच लिहिलं. खडू दोनदा तुटला.

आता मुलं माझ्या कमरेच्या पिशवीला हसतात.
हसू देत.
तिच्यात ताइमीचं इंजेक्शन आहे, गांधीलमाशी चावली तर,
शिट्टी आहे, कात्री आहे,
पालकांच्या सह्यांचे कागद, पाणी लागू नये असे गुंडाळलेले.
शेकोटीपाशी दोन बादल्या, काठोकाठ.
कुऱ्हाड माझ्या तंबूत, उशाशी.
यार्क्को म्हणतो, राइली, तू जंगलात आलीस की लढाईवर?
तो चोवीस वर्षांचा. त्याला अजून
कुणाच्या आईला फोन करावा लागलेला नाही.

जूनमध्ये इथं सूर्य बुडतो, पण उजेड जायचं नाव घेत नाही.
सायमाचं पाणी रात्रभर पत्र्यासारखं पांढरं,
मुलं कुजबुजत जागी,
आणि मोजणाऱ्याला अंधाराचं निमित्तही नाही.
बारा वाजता सतरा.
दोन वाजता, एकेका तंबूत वाकून, पावलांच्या जोड्या मोजत,
सोळा.

पुन्हा मोजलं.
सोळा.

पोटात काय झालं ते सांगत नाही.
शिट्टी ओठांपर्यंत आली होती,
तेवढ्यात धक्क्याकडून आवाज आला
कुणी धुणं धुतंय तसा.

नूत्ती. अकरा वर्षांचा.
फळ्यांवर गुडघे टेकून आपली स्लीपिंग बॅग खळबळवत होता.
ती भिजून त्याच्याएवढी जड झालेली,
त्यालाच आत ओढत होती.
पण अंगात लाइफ जॅकेट होतं.
तिन्ही बंद बांधलेले. वरचा दोनदा.

त्याचा कागद माझ्या पिशवीत होता, आईचं बारीक अक्षर:
कधी कधी रात्री होतं. कृपया मुलांना कळू देऊ नका.
जास्तीची कोरडी बॅग मी मुद्दाम आणली होती,
निळी, सामानाच्या तळाशी.
सगळी तयारी होती.
फक्त त्याला सांगितलेलं नव्हतं.

नियम आहे: मुलाबरोबर मोठं माणूस एकटं नको.
चांगला नियम आहे, मीच शिकवते.
म्हणून दहा पावलांवर उभी राहिले, उघड्यावर, तंबूंना दिसेन अशी,
आणि म्हटलं, आधी मागे सरक. मग बोलू.
तो सरकला. बोलला नाही.
मग बॅगेचं एक टोक त्यानं धरलं, एक मी.
पिळताना मध्ये
बॅगेएवढं अंतर आपोआपच राहतं.

सकाळी दोरीवर दोन बॅगा वाळत होत्या,
त्याची आणि माझी.
किटली सांडली, मी म्हटलं.
दोन बॅगांवर? ताइमीनं विचारलं.
मोठी किटली होती.
यार्क्को माझ्याकडे पाहत राहिला, मग लापशी ढवळू लागला.
त्याला नंतर सांगितलं, लाकडं फोडताना.
तो हसला नाही. पिशवीलाही नाही.

नोंदवहीत ‘घटना’ असा रकाना असतो.
एकतीस वर्षांत तो कधी खोटा भरला नाही मी.
पेन धरून बसले, लापशीवर साय धरेपर्यंत.
मग लिहिलं:
रात्री धक्क्यापाशी कुणीतरी बसायला हवं.
आणि कोरडी बॅग कुठं ठेवलीय ते
पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवं,
सगळ्यांना, शिट्टी आणि बादल्या दाखवतो
तसंच.

नाश्त्याला सतरा.
नूत्तीनं दुसऱ्यांदा लापशी मागितली.