थाप

मे महिन्यात नागपुरात वजन उतरवायला
वेगळी भट्टी लागत नाही.
पाचपावलीच्या पुलाजवळ आमची टिनाची शेड,
दुपारी तीनला दार लावून घ्यायचं,
अंगावर दोन स्वेटर, वरून रेनकोट,
आणि हातात दोरी.
इर्शाद सर ओल्या गमछ्याखालून घड्याळ बघतात.
माझ्या पायाखालचं थारोळं पाहून सांगतात,
"पाव किलो गेलं. अजून."

बावन्न किलोला उभं राहायचं होतं.
दोन दिवस पाण्याची नुसती चूळ.
आणि घर म्हणजे आईची सावजी खानावळ,
जिथं अकरापासून मसाला भाजतात
आणि गिऱ्हाईक नाक पुसत पुसत
आणखी रस्सा मागतं.
मी गल्ल्यावर बसून सुटे मोजते, लाळ गिळते.
लाळेचंही वजन असते म्हणतात सर.

आईला हा खेळ कळत नाही.
"मारामारीच करायची होती
तं शाळेतून मार खाऊन काऊन येत होती व?"
काय सांगू.
की तेव्हा नियम नव्हते म्हणून.
इथं गुडघा चालतो, कोपर चालतं,
उचलून आपटणं, गळा धरणं, सगळं चालतं,
आणि जे तुला येत नाही
समोरची बरोब्बर तिथंच घेऊन जाते तुला.
मला पाठीवर पडल्यावर श्वास घ्यायला येत नव्हतं.
सव्वा वर्ष लागलं ते शिकायला.

विशाखा रंगारी, इंदोऱ्याची.
दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते,
संध्याकाळी सातला माझ्या मानेभोवती हात आवळते.
आधी कानात समुद्र,
(आम्ही दोघींनीही समुद्र पाहिलेला नाही)
मग नजरेच्या कडा जळाल्यासारख्या काळ्या,
मग मी तिच्या दंडावर दोनदा थापटते
आणि ती सोडते.
लगेच.
उद्या तिची मान, माझा हात.
तीन वर्षं झाली.
एवढा भरवसा मला
पाहायला आलेल्या एकाही स्थळाचा वाटला नाही.

मानकापूरला लढत होती.
दुसऱ्या राउंडला तिचा उजवा हात
माझ्या मांड्यांत अडकला, कोपर सरळ,
मी कंबर अजून दोन बोटं उचलली असती तर संपलं होतं.
तेवढ्यात माझ्या पोटरीवर
एक, दोन. ओल्या, हलक्या.
मी सोडलं.

रेफ्री त्या अंगाला होता.
त्याला दिसलं नाही.
त्यानं विचारलं, तिनं मान हलवली.
आपल्या भाषेत किती सोयीचं आहे:
तिनं थाप मारली,
आणि मग थाप मारली
की मारलीच नाही.

पॉइंटवर हरले.
गाडीत बसेपर्यंत सर बोलले नाहीत.
मग म्हणाले, "रेफ्रीचा हात लागत नाही तोवर
सोडायचं नसते, बेटा. हजारदा सांगितलं."
खरं आहे. हजारदा सांगितलं होतं.
पण हाताला तर रोज संध्याकाळी
दुसरंच शिकवलं होतं आम्ही.

रात्री साडेअकराला खानावळ रिकामी.
आई परातीपाशी, माझ्या सुजल्या डोळ्याकडे न पाहता:
"जितली का?"
"नाही."
"तिचा हात तं नाही मोडला ना?"
मी म्हटलं, नाही.
"मंग बस. जेव."

फुटलेल्या ओठाला रस्सा लागला
आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.
तिखटाचंच असावं.
आत आई भाकरी थापत होती,
थप, थप,
आणि दर दोन थापांना
माझी मूठ आपोआप सुटत होती.

विशाखाचा मेसेज आला: उद्या सात?
मी आणखी एक भाकरी मागितली.